पॅरिसकर आणि मोडीतला हार

दादूस, तुझ्या तेराव्याला मी भरल्या पानावरून उठले. लोकांना वाटलं, बाईला गहिवरून आलं. कुणी पाणी आणून दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. मला गहिवर वगैरे काही आला नव्हता. मला राग आला होता आणि तो तुझ्यावर आला होता. माणसाच्या तेराव्याला त्याच्याच घरी जाऊन त्याच्यावरच चिडणारी बाई अख्ख्या पनवेलच्या बाजारात दुसरी सापडायची नाही, हे तूच म्हणाला असतास, आणि वर हसला असतास.

झालं असं, की वहिनी माझ्या पानाशी येऊन बसली. जेवा म्हणाली. मग आपणहूनच सांगू लागली, की माझं दुकान सोडून गेल्यापासून या सहा वर्षांत तू माझ्यावर एकदाही रागावला नव्हतास. "हे म्हणायचे, बायचं काय चुकलं? सोनं म्हटल्यावर ते मोडणारच." मी विचारलं, रागावला नव्हता म्हणजे काय? बिचारी घाबरली, कारण मी ते माझ्या बाजारातल्या आवाजात विचारलं. पंगतीतली चार माणसं वळून बघायला लागली. मी उठले, हात धुतले आणि चालू लागले.

सहा वर्षं मी तुझ्याशी भांडत होते रे. दुकानाचं शटर वर करताना भांडत होते, घरी भाकरी थापताना भांडत होते. तू काय बोलशील, त्यावर मी काय बोलेन, सगळं तयार ठेवलं होतं. एखाद्या दिवशी तू समोरून येशील आणि मग मी सोडणार नाही, असं ठरवलं होतं. आणि आता कळतं, की पलीकडे कुणी उभंच नव्हतं.

तू माझ्याकडे आलास तेव्हा माझं दुकान एवढंसं होतं, की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. माझा बाप दुसऱ्यांच्या मिठागरावर राबला. मी लग्नाच्या आधीपासून सराफांच्या पायरीवर बसून मंगळसूत्राचे काळे मणी ओवून द्यायची. पंधरा वर्षं पायरीवर बसून आतला धंदा बघितला आणि मग पायरी चढले. कुणी बोट धरून चढवलं नाही, म्हणून मीही कुणाला फुकट काही दिलं नाही. हे तुला पहिल्याच दिवशी कळलं. तुझं काम फार हळू, म्हणून आधीच्या सराफाने तुला काढलं होतं. ही बातमी मला होती, आणि तिचा फायदा घ्यायचा असं मी ठरवलं होतं. घडणावळ मी निम्मीच सांगितली. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर उठून गेला असता किंवा हात जोडले असते. तू पिशवीतून फडक्यात बांधलेलं एक पुस्तक काढलंस आणि म्हणालास, "आधी हे बघ बाय. मग भाव बोल."

मी म्हटलं, मला कारागीर पाहिजे, मास्तर नको. पण बघितलं.

मोहल्ल्यातले एक चाचा जहाजावर होते. फ्रान्सच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी ते जुन्या बाजारात घेतलेलं आणि बायकोच्या पाटल्या तू मन लावून दुरुस्त करून दिल्यास म्हणून तुला देऊन टाकलं. आत सगळी चित्रं, आणि खाली आपल्याला न कळणारा मजकूर. शंभर वर्षांपूर्वीचा पॅरिसचा कुणी मोठा सोनार, राजेरजवाडे आणि नाटकातल्या बायका त्याच्याकडून दागिने करून घ्यायच्या, एवढं चाचांनी सांगितलेलं. त्याचं नाव काही तुला वाचता येईना. मग आपल्याकडे जसे पेणकर, उरणकर, तसा तू त्याला पॅरिसकर करून टाकलास. पुढे दहा वर्षं आपल्या दुकानात त्याचं नाव घरातल्या माणसासारखं निघायचं. पॅरिसकराने सांध्याला डाग असा दिला नसता. पॅरिसकराला हे पान आवडलं नसतं.

खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते सगळं अभद्र वाटलं. दागिन्यात मोर असावा, आंबा असावा, लक्ष्मी असावी. ह्याच्याकडे पाण्यावर उडणारा चतुर, गांधीलमाशी, सुकलेली पानं, रानात उगवतं तसलं गवत. एका चित्रात तर चतुराच्या तोंडातून अर्धी बाई बाहेर आलेली. मी म्हटलं, हे कुठली बया घालील? तू म्हणालास, घातलं असेल म्हणून तर केलं. मग मी घडणावळ थोडी वाढवली. कशासाठी ते मलाच कळलं नाही. बहुतेक त्या पुस्तकावरून तू ज्या तऱ्हेने बोट फिरवत होतास त्यासाठी.

दुपारी बाजार पेंगायला लागला की आपला एक खेळ चालायचा, आठवतो? तू पान उघडायचास आणि मी वजन सांगायची. त्याच्या एका कंगव्यावर आपण किती दिवस भांडलो असू. मी म्हणायची, अंगाने जाड दिसतोय, दहा तोळ्यांच्या खाली नाही. तू म्हणायचास, आतून पोकळ असणार, नाहीतर बाईचा अंबाडा खाली येईल, सहा धर. मी म्हणायची, पॅरिसच्या बायकांना काय कमी, मान मोडली तरी दहाच घालतील. एकदा तर मी चिडून पुस्तक मिटून टाकलं होतं.

मग खारघरच्या कॉलेजातली ती मुलगी आली, कानातल्याची फिरकी बदलायला. तिने पुस्तक बघितलं आणि सरळ वाचायलाच लागली. ती फ्रेंच शिकत होती. तू हातातलं काम खाली ठेवलंस. मी म्हटलं, आधी ह्या कंगव्याचं वजन वाच. तिने बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, आंटी, वजन नाही दिलंय. हा शिंगाचा आहे.

"शिंगाचा म्हणजे?"

"हॉर्न. म्हशीबिशीचं असतं ना, तेच."

मी तिला नीट वाच म्हणून दोनदा सांगितलं. तिने दोनदा तेच वाचलं. पंख काचेचे आणि मिन्याचे. पानावरचं दव, ज्याला आपण हिरे धरून बसलो होतो, ते बहुतेक ठिकाणी काचच. सोनं अगदी धरून ठेवण्यापुरतं. आपण दोघं, एक बापजाद्यांचा सोनार आणि एक सराफीण, इतके दिवस म्हशीच्या शिंगाचे तोळे काढत होतो. मी म्हटलं, फसवलं की मेल्याने सगळ्यांना. मुलगी पोट धरून हसली आणि फिरकीचे पैसे देऊन गेली.

तू हसला नाहीस. संध्याकाळपर्यंत तू फुंकणी हातात धरली नाहीस. दिवेलागणीला मला म्हणालास, "बाय, मग लोकांनी पैसे कशाचे दिले?"

इथून आपला वाद सुरू झाला. तो कधी संपलाच नाही. मी म्हटलं, लोक मूर्ख होते म्हणून दिले. तू म्हणालास, हाताचे दिले. मी म्हटलं, हात काट्यावर ठेवून दाखव. सोनं आज घेतलं आणि उद्या अडचण आली तर जगातला कुठलाही सराफ ते डोळे झाकून परत घेईल. तुझ्या पॅरिसकराचं शिंग कोण घेईल? गरिबाच्या घरात दागिना हौसेसाठी नसतो दादूस, तो अडीनडीसाठी असतो. माझ्या आईच्या कानातलं मिठागराच्या दोन वाईट हंगामांत गेलं, म्हणून आम्ही जेवलो. हे मी तुला ओरडून सांगितलं होतं. आजही मला वाटतं, माझं बरोबर होतं. तुझंही चूक नव्हतं, हे मात्र मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

मी तुला सांगायची, त्या चतुराची हुबेहूब नक्कल कर, खारघरच्या टॉवरवाल्या बायका घेतील. तू ऐकायचा नाहीस. म्हणायचास, त्याने त्याच्या बांधावरचं बघितलं, आपण आपल्या बांधावरचं बघू. रविवारी उठून तू खाडीकडे जायचास. काड्यापेटीत एखादा किडा घेऊन यायचास आणि भिंगाखाली धरून बसायचास. मोरा बंदरावर जाऊन कोळ्यांच्या जाळ्याच्या गाठी कशा बसतात ते बघून आलास आणि त्या गाठीची साखळी केलीस. मी म्हटलं, एवढा वेळ घालवलास, सोनं किती लागलं? तू म्हणालास, फार नाही. मी कपाळावर हात मारला. पण ती साखळी दुकानाच्या कपाटात चार दिवससुद्धा राहिली नाही, हेही खरं.

आणि मग तो हार. खाडीकाठच्या तिवराची पानं एकात एक गुंतलेली, आणि मधोमध चतुर, पंखांना हिरवा मिना, असा की उजेडात धरला तर पलीकडचं दिसावं. चार महिने लागले. गावाकडचं मोठं घराणं, लग्नाचा हार, मी सारखी तुझ्या मागे, की वजन वाढव, आपल्या लोकांना गळा भरलेला लागतो. तू म्हणायचास, पान पानासारखंच पातळ पाहिजे, भाकरीसारखं जाड केलं तर तिवर रडेल. हळदीला तो हार साऱ्या गावाने बघितला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात बायका तेवढ्यासाठी यायला लागल्या. माझ्या दुकानाचं नाव झालं ते त्या हाराने. आज बोलून दाखवते. तेव्हा मी म्हणायची, माझ्या जिभेने झालं.

हार दिला त्या संध्याकाळी तू म्हणालास, "बाय, एक सांगून ठेवतो. हा कधी मोडीला आला, तर भट्टीत जायच्या आधी मला हाक मार."

मी विचारलं, हाक मारून तू काय करणार आहेस? विकत घेणार?

"ते तेव्हा बघू. तू हाक मार फक्त."

मी बरं म्हटलं.

आपल्या धंद्यात मोड म्हणजे पाप नाही. जुना दागिना द्यायचा, मिना आणि खडे काढून वजन करायचं, वितळवायचं, त्यातून नवा घ्यायचा. आजीचा हार आईच्या पाटल्या होतो, आईच्या पाटल्या मुलीची चेन. सोनं तेच, ते घरातून बाहेर जात नाही, असं आपण मानतो. करणाऱ्याचं काय झालं, असं कुणी विचारत नाही, करणारासुद्धा विचारत नाही. तुझ्या बापाने केलेलं काय उरलंय, असं मी तुला एकदा विचारलं होतं. तू म्हणालास, त्यांची हातोडी.

पाचेक वर्षांनी तो हार आला. जिच्या लग्नात केला तीच सून, बरोबर सासू. आता तसलं नाजूक कुणी घालत नाही, भरीव पाहिजे, संध्याकाळी कुठेशी हळद आहे, आजच पाहिजे. सोन्याचा भाव रोज वर चढत होता, दोघी घाईत होत्या, आणि घाईतलं गिऱ्हाईक मला दुरून ओळखू येतं. मिन्यापायी वजनातून किती घट धरायची यावर मी त्या सासूशी तासभर झुंजले. तीही काही कमी नव्हती. शेवटी माझ्या मनासारखं झालं. तू त्या दिवशी आला नव्हतास, तापाने घरी होतास. तुझं घर दुकानापासून हाकेवर. कुणालाही पाठवलं असतं तर पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात तू आला असतास.

मी विसरले नव्हते.

हे मी आजवर कुणाशी बोलले नाही. वहिनीला म्हटलं, गडबडीत राहून गेलं. माझ्या मुलीला म्हटलं, त्या माणसाने असलं काही सांगितलंच नव्हतं. पण हार काट्यावर ठेवला तेव्हा तुझे शब्द जसेच्या तसे माझ्या कानात होते. मी एवढाच विचार केला, की तू येशील, तापलेल्या हाताने तो धरशील, आणि म्हणशील, बाय, उद्यापर्यंत थांब. आणि त्या दोघी पुढच्या दुकानात जातील. एवढंच. फार मोठं काही कारण नव्हतं. एक सौदा होता, तसले दिवसाला पाच होतात. मागच्या गल्लीत भट्टीवाल्याकडे हार पाठवण्याआधी तुझ्याच बैठकीवर मिना ठोकून काढला. हिरवे तुकडे फरशीवर उडाले, ते झाडून घेतले.

तिसऱ्या दिवशी तू आलास. सोनाराच्या दुकानातला कचरा कुणी फेकत नाही, त्यात सोन्याचा कण असतो, म्हणून झाडलेलं सगळं डब्यात ठेवतात. तू काही शोधायला म्हणून तो डबा ओढलास, मला वाटतं पडलेला खडा शोधत होतास. मग तुझा हात थांबला. चिमट्याने एकेक हिरवा तुकडा उचलून तू कागदावर ठेवायला लागलास. मी गल्ल्याशी बसून बघत होते.

"हार आला होता?"

मी म्हटलं, आला होता. चांगला सौदा झाला.

"बरं," म्हणालास आणि कागदाची पुडी बांधून खिशात टाकलीस.

आठ दिवसांनी तू हत्यारं गोळा केलीस. डोळे साथ देत नाहीत म्हणालास. मला ठाऊक होतं, तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. आणि मग मी जे केलं ते सगळ्या बाजाराने बघितलं. रस्त्यावर उभी राहून मी तुला नमकहराम म्हटलं. मी तुला उभं केलं म्हटलं, जा त्या पॅरिसकराकडे, तो देईल घडणावळ म्हटलं. समोरच्या भांडीवाल्याने हातातलं तपेलं खाली ठेवलं. तू वळलास, नेहमी घरी जाताना करायचास तसा हात वर केलास आणि गेलास.

माझी तक्रार ही आहे दादूस, आणि ती तू गेलास म्हणून मी मागे घेणार नाही. तू बोलला असतास तर मी भांडले असते. मोठमोठ्याने भांडले असते, खोटं बोलले असते, रडलेही असते कदाचित, आणि चार दिवसांनी डब्यात मासळी घेऊन तुझ्या घरी आले असते. मला दुसरी रीत येत नाही. माझ्या आयुष्यात जे काही मिटलं ते भांडून मिटलं. तू "बरं" म्हणालास, आणि त्या एका शब्दावर मला सहा वर्षं टांगून ठेवलंस.

तेराव्यानंतर तीन दिवसांनी मी वहिनीकडे परत गेले. भांडायलाच गेले होते. तिने मला आतल्या खोलीत नेलं आणि पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली.

तू शिंगात काम करतोस हे मी ऐकून होते. बाजारात सगळे हसायचे. म्हशीची शिंगं गरम पाण्यात टाकून सपाट करतो, घरभर वास सुटतो, शेजारी भांडतात. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायची. लग्नाच्या मुलीच्या डोक्यात यमाच्या वाहनाचं शिंग, कोण घेणार? आणि कुणी घेतलंही नाही, खारघरच्या चारदोन मुली सोडल्या तर. पेटीत तीसेक कंगवे होते, एकेक जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. वहिनी एकेक सोडत गेली. खाडीच्या काठचं गवत. उलटं पडलेलं तिवराचं बी, त्याला फुटलेला कोंब. शेवाळात बसलेला निवट्या मासा, डोळे वर करून. पंख होते तिथे काच. एका चतुराच्या पंखात हिरवे कण होते, ते मी ओळखले. 

वहिनी म्हणाली, तू बसल्या बसल्या तिला सांगायचास, की पॅरिसकराचं शंभर वर्षं टिकलं याचं कारण आपण चुकीचं धरून बसलो होतो. लोकांनी काचेच्या कपाटात ठेवलं म्हणून टिकलं, असं आपल्याला वाटायचं. पण ते कपाटापर्यंत पोचलंच कसं? तर मधल्या काळात कुणाची सून, कुणाचा भाऊ, कुणाची अडचण, ते घेऊन सराफाकडे गेलेच असतील, आणि सराफाने म्हटलं असेल, ह्यात काय आहे, शिंग आणि काच, घरी न्या. म्हणून ते घरी राहिलं. "ज्याला मोड नाही असंच काहीतरी करायला पाहिजे," असं तू म्हणालास म्हणे, दुकान सोडलंस त्या रात्री. त्यात माझ्यावर राग नव्हता. तुला फक्त एक गोष्ट कळली होती, आणि कळल्यावर तू कामाला लागलास.

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, आणि हे मला तुझ्या बायकोने सांगावं लागलं. सोन्याच्या दागिन्याला चोरापेक्षा सोन्याचंच भय जास्त. त्या पुस्तकाच्या शेवटी नुसत्या काचेच्या बाटल्या आणि पेले होते, आठवतं? मी म्हणायची, म्हाताऱ्याचा धंदा बुडाला असणार, म्हणून दागिने सोडून बाटल्या विकायला बसला. तू म्हणायचास, त्याला काहीतरी सुचलं असेल. आता वाटतं, तू तेव्हाच अर्धा दुकानातून उठला होतास.

वहिनीने अजून एक सांगितलं. दोनदा तू एक कंगवा घेऊन माझ्याकडे यायला निघाला होतास. कोपऱ्यावर आलास, आणि दोन्ही वेळा मी कुठल्याशा गिऱ्हाइकावर ओरडत होते. तू हसत घरी परत गेलास. बाय धंद्यात आहे, नको, म्हणालास. तो कंगवा तिने माझ्या हातात ठेवला. त्यावर मिठागराचा बांध होता, खारं गवत, बाकी काही नाही. माझ्या बापाच्या पायाखालचं. सवयीने मी तो तळहातावर जोखला. गुंजेच्या फरकानेही माझा अंदाज चुकत नाही, सगळा बाजार मानतो. हाताला काहीच लागलं नाही. वहिनीने भाबडेपणी विचारलं, याला काय येईल हो? मला सांगता आलं नाही. असं कधी झालं नव्हतं.

तू मला माफ केलंस, ते मला न विचारता केलंस. समोरच्याने काही मागितलं नाही, तू काही अडवून धरलं नाहीस, सरळ देऊन टाकलंस. असला व्यवहार मला समजत नाही. फुकट आलेली वस्तू मी घेत नाही, तिच्यात काहीतरी खोट असते, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आले. ह्यात खोट सापडेना म्हणून मी तेराव्याला चिडले.

मग मी शोधायला लागले. तुझ्या हातचं सोन्यातलं काही कुठे राहिलंय का. तुझी गिऱ्हाइकं मला चेहऱ्यांनिशी पाठ आहेत. जाळ्याच्या गाठीची साखळी कळंबोलीला गेली होती. त्या बाईने सांगितलं, ती तुमच्याकडेच तर दिली होती ताई, मोडीला. पानांचे तोडे खारघरला, ते पोराच्या ॲडमिशनच्या वेळी गेले. एकीची नथ चोरीला गेली. बाकी सगळ्यांनी मोड केली होती, आणि निम्म्याहून जास्त माझ्याच काट्यावर. दारोदार फिरून मी माझाच पराक्रम ऐकत होते. आठवड्याने मला झोप लागेना.

शेवटचं घर रोडपालीचं. एका पोराने नोकरीला लागल्यावर आईला बुगड्या केल्या होत्या. तू कानाच्या पाळीवर वळून बसलेली कोलंबी केली होतीस, मिशांसकट. मी म्हटलं होतं, कानाला वास येईल. चौथ्या मजल्यावर दार उघडलं, आणि समोर म्हातारी, सत्तरीच्या पुढची, आणि दोन्ही कानांवर तुझ्या कोलंब्या. 

आत बसल्यावर मी धंद्याच्या वाटेने गेले, मला दुसरी वाट येत नाही. म्हटलं, आजचा जो भाव असेल तो, वर मिन्याची घट धरणार नाही. म्हातारी चहा ओतत राहिली. मी वाढवलं. मग आणखी वाढवलं. मुलगा आतून बाहेर आला आणि आईकडे बघायला लागला. आजवर एवढा भाव मी कुणाला दिला नाही आणि पुढेही देणार नाही.

"मना नाय इकायचा," म्हातारी म्हणाली. "तू काय करशील त्याचा? वितलवशील."

मी म्हटलं, नाही वितळवणार, आजी. शप्पथ घेते.

"सोनारीन हाय ना तू? मग तुजी शप्पथ तुज्याजवल ठेव. मी मेल्यावं नात घालल. तिला सांगून ठेवलंय, मोडलंस तं भूत होऊन येन."

दादूस, मी हरले. आणि बरं वाटलं.

उठायला लागले तर तिनेच थांबवलं. एका बुगडीची फिरकी ढिली झाली होती, पडेल म्हणून तिला झोपेत धास्ती वाटायची, आणि सोनाराकडे न्यायची तिची तयारी नव्हती. काढून द्यायलाही तयार नव्हती. कानातच घट्ट कर म्हणाली. मी चष्मा लावला, तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं आणि चिमटा धरला. इतक्या जवळून तुझं काम मी बघितलंच नव्हतं. कपाटात ठेवलं, विकलं, मोडलं, पण बघितलं नव्हतं. शेपटीच्या एकेका खवल्यामागे तू दुसरं खवलं सरकवलं आहेस. बाहेरून ते दिसतसुद्धा नाही. हे कुणासाठी केलं होतंस?

म्हातारीने हात लावून बघितलं आणि विचारलं, "कोनी केलान गो ह्ये? तुजे दादल्यान?"

बाजाराचा नियम आहे. कारागिराचं नाव गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. सांगितलं, तर गिऱ्हाईक परस्पर त्याच्या घरी जातं. दहा वर्षं तू माझ्या दुकानात आतल्या अंगाला बसलास, आणि दहा वर्षं मी प्रत्येकीला म्हणत आले, आमच्याकडेच बनतं.

मी तुझं नाव सांगितलं. तिला ऐकू कमी येत होतं. "कोन?" म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. तरी तिला नीट लागलं नाही. मग मी बाजारात ओरडते तशी ओरडून म्हणाले, विश्राम धोंडू चेऊलकर. सोनार. पनवेल. शेजारचं दार उघडून कुणीतरी बाहेर बघायला आलं. मी थांबले नाही, आणखी एकदा म्हणाले.